विआ वेर्दे: जुन्या रेल्वेमार्गांवरून स्पेनच्या खेड्यापाड्यांतून सायकलने

स्पेनच्या ग्रामीण भागात मोटारींपासून दूर राहून चार-पाच दिवस सायकल चालवायची असेल, तर नकाशावर बारीक रस्ते शोधत बसू नका. बंद पडलेले रेल्वेमार्ग शोधा. १९९३ पासून तिथे हे मार्ग रूळ उखडून, जमीन दाबून, पूल आणि बोगदे दुरुस्त करून पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना खुले केले जात आहेत. त्यांना विआस वेर्देस (एकवचनी विआ वेर्दे) म्हणतात. रेल्वेची एक सार्वजनिक संस्था, फुंदासिओन दे लोस फेर्रोकारिलेस एस्पान्योलेस, या कामाचा समन्वय करते आणि आज असे मार्ग तीन हजार किलोमीटरच्या वर गेले आहेत. मोटारींना इथे बंदी असते. शेताकडे जाणारा ट्रॅक्टर किंवा देखभालीची गाडी तेवढी मधूनच दिसते.

या वाटा रेल्वेसाठी आखलेल्या आहेत ही गोष्ट नियोजन करताना सतत डोक्यात ठेवा. बहुतेक अडचणी आणि बहुतेक सुखं त्यातूनच येतात.

वाफेच्या इंजिनाला शंभर मीटरमागे दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ झेपत नसे. त्यामुळे डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल टाकून चढ सौम्य ठेवला आहे. पण सौम्य म्हणजे थोडा नव्हे. दोन टक्क्यांचा चढ वीस किलोमीटर सलग चालला की चारशे मीटर उंची होते, आणि त्यात पाय सोडून द्यायला मध्ये एकही उतार मिळत नाही. दुसरं म्हणजे, स्टेशन गावात नसतं. जुनी गावं टेकडीच्या माथ्यावर आणि रूळ खाली खोऱ्यात, म्हणून स्टेशनपासून गाव दोन ते चार किलोमीटर लांब आणि शे-दीडशे मीटर वर, असं वारंवार होतं. नकाशावर ६० किलोमीटर दिसणारा दिवस मुक्कामाला पोचेपर्यंत शेवटच्या चार किलोमीटरनी जड होतो. आणि तिसरं, जिथे पूल पडला, बोगदा ढासळला किंवा महामार्गाने जुनी लाइन कापली, तिथे पर्यायी वाट जोडलेली असते. ती वाट रेल्वेच्या नियमाने बांधलेली नाही. तिथे अचानक दहा टक्क्यांचा खडीचा चढ समोर येतो. सामान लादलेल्या सायकलीला हलका गिअर हवा तो याच पाचशे मीटरसाठी.

कोणता मार्ग, कोणत्या दिशेने

पहिल्याच सफरीसाठी एक मार्ग सुचवायचा तर ओहोस नेग्रोस. तेरुएलच्या पठारावरच्या लोहखनिजाच्या खाणींपासून सागुन्तोच्या बंदरापर्यंत एका खाण कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे दोनशे किलोमीटरची स्वतःची लाइन टाकली. शेजारून दुसऱ्या कंपनीचा रेल्वेमार्ग आधीच जात होता, पण खनिज वाहून न्यायच्या दरांवर एकमत झालं नाही म्हणून ही दुसरी लाइन झाली. ती १९७२ मध्ये बंद पडली आणि तिच्यातून दीडशेहून जास्त किलोमीटरची सायकलवाट तयार झाली, स्पेनमधल्या सर्वांत लांब विआ वेर्दे मार्गांपैकी एक. जुन्या भांडणाचा आजचा फायदा असा की पहिली लाइन अजून चालू आहे. वाटेच्या बऱ्याच भागात हाकेच्या अंतरावर रेल्वे स्टेशन असतं, त्यामुळे पाय दुखला, पाऊस लागला, सायकल मोडली तरी बाहेर पडता येतं.

दिशा तेरुएलकडून समुद्राकडे ठेवा. तेरुएल सुमारे ९०० मीटरवर आहे. तिथून पुएर्तो दे एस्कान्दोन हा सुमारे १,२०० मीटरचा घाट सफरीच्या सुरुवातीलाच येतो, तोही रेल्वेच्या चढाने. मग सारिओन, आल्बेन्तोसाचे पूल, बार्राकास असं उघडं पठार लागतं. बार्राकासच्या पुढे कौदिएलपर्यंत साधारण साडेतीनशे मीटरचा सलग उतार आहे, आणि खेरिका, नावाहास, सेगोर्बे ओलांडून संत्र्यांच्या बागांत उतरता. दोन दिवसांत होतो, पण घाई होते. तीन दिवस घ्या, पहिला मुक्काम सारिओनला किंवा बार्राकासला, दुसरा नावाहास किंवा सेगोर्बेला. सारिओन काळ्या ट्रफलसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला तिथल्या साध्या खाणावळीतही ती अंड्यांवर किसलेली मिळते, चुकवू नका. पठारावर सावली नाही, वारा मात्र भरपूर. ऑक्टोबरअखेर पहाटे शून्याच्या आसपास तापमान असतं आणि दुपारी त्याच वाटेवर अर्ध्या बाह्यांत घाम येतो, म्हणून हातमोजे आणि वाराविरोधी जाकीट वरच्या पिशवीत हवं.

आंदालुसियातला विआ वेर्दे देल असेइते हा हाएन ते पुएन्ते हेनिल असा १२८ किलोमीटरचा मार्ग. ऑलिव्ह तेलाची पिंपं वाहून नेणारी ही रेल्वे १९८५ मध्ये बंद झाली. वाटेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभारलेले लोखंडी जाळीचे उंच पूल आहेत आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत ऑलिव्हच्या रांगा. हाएन बाजूचे तोरेदेलकाम्पो, तोरेदोनखिमेनो, मार्तोस हे टप्पे वस्तीचे आहेत, खाणं-पाणी सहज मिळतं. आल्काउदेते मात्र वाटेपासून बाजूला आणि वर आहे. तिथे वळायचं नसेल तर आधीच बाटल्या भरून ठेवा, कारण पुढे ग्वादाहोस नदीवरचा मोठा पूल ओलांडून लुकेच्या स्टेशनापर्यंत वाटेवर गाव लागत नाही. त्यानंतरचा सुएरोस, दोन्या मेन्सिया, काब्रा हा पट्टा सगळ्यात देखणा, चुनखडीच्या डोंगराच्या पायथ्याने जाणारा. मुक्काम इथेच करा. सुएरोस कड्यावर वसलेलं आहे, शेवटचा चढ ढकलत न्यावा लागला तरी गाव त्याच्या तोलाचं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी ऑलिव्हची तोडणी चालते. ट्रॅक्टर सतत वाट ओलांडतात, चाकांबरोबर ओली माती वाटेवर येते आणि तिच्यावर पुढचं चाक घसरतं. परतीसाठी एक खबरदारी: पुएन्ते हेनिलला दोन स्टेशनं आहेत, एक गावातलं आणि एक गावाबाहेर काही किलोमीटरवर हायस्पीड गाड्यांचं. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघून निघा.

बोगद्यांची हौस असेल तर विआ वेर्दे दे ला सिएर्रा. पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा, फक्त ३६ किलोमीटर, पण त्यात ३० बोगदे. या मार्गावर रेल्वे कधी धावलीच नाही. १९२०च्या दशकात खोदकाम सुरू झालं, पैसे आणि राजकीय इच्छा दोन्ही आटले, रूळ पडले नाहीत. वाटेत पेन्योन दे साफ्रामागोन हा कडा लागतो, इथे ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. दुर्बीण नेलीत तर वजन वसूल होईल. ओल्वेराकडे चढ आहे, म्हणून जाऊन-येऊन करणार असाल तर पुएर्तो सेर्रानोहून सकाळी निघा म्हणजे परतताना उतार मिळतो. दोन्ही टोकांना रेल्वे नाही. बस किंवा गाडीने यावं लागतं, आणि म्हणूनच लांबच्या सफरीत हा मार्ग बसवणं कठीण. एका दिवसासाठी मात्र यासारखा दुसरा नाही.

एब्रो नदीच्या बाजूला वाल दे साफान मार्ग आल्कान्यिसकडून तोर्तोसाकडे उतरतो. याचीही दिशा ठरलेलीच, कारण उतार त्या बाजूला आहे आणि एब्रोच्या खोऱ्यातला वायव्येचा कोरडा वारा, सिएर्सो, पाठीवर राहतो. उलट दिशेने सिएर्सोत अडकलात तर सपाटीवर ताशी दहा किलोमीटरही निघत नाहीत. आर्नेसपासून पुढे ओर्ता दे सान्त जोआन, बोत, प्रात दे कोम्प्ते हा तेर्रा आल्ता भागातला तुकडा बोगदे आणि पुलांनी भरलेला आहे. काही बोगद्यांत दिवे आहेत, काहींत नाहीत. ओर्ता हे गाव वाटेच्या बरंच वर आहे. पिकासो तरुणपणी इथे राहिला होता आणि १९०९ मध्ये पुन्हा येऊन त्याने गावाची चित्रं काढली, त्यामुळे लोक मुद्दाम चढून जातात. पोहायचं असेल तर खालच्या ला फोन्तकाल्दाच्या कोमट झऱ्यापाशी थांबा, पण सायकल तिथपर्यंत उतरवली की तेवढीच परत चढवायची आहे हे लक्षात असू द्या. शेर्तापासून पुढे एब्रोच्या काठाने सपाट वाट तोर्तोसाला नेते, आणि तोर्तोसाला रेल्वे आहे.

लहान मुलं बरोबर असतील किंवा सायकलसफर पहिलीच असेल तर कातालोनियातला कार्रिलेत. ओलोत ते जिरोना सुमारे ५४ किलोमीटर आणि पुढे जिरोना ते समुद्रकाठचं सान्त फेलिउ दे गिशोल्स ३९ किलोमीटर. पृष्ठभाग साउलोचा, म्हणजे दाबलेल्या ग्रॅनाइटच्या वाळूचा, पावसानंतर लवकर सुकणारा. गावं जवळजवळ आहेत. ओलोतहून निघाल्यावर एक चढ आहे, मग जिरोनापर्यंत उतारच.

या पलीकडे उत्तरेत वित्तोरिया ते एस्तेया हा वास्को-नावार्रो मार्ग हिरवागार आणि थंड आहे. त्यातला लामिनोरियाचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा बंद असल्याने घाटावरून वळसा घ्यावा लागतो, तो दिवस छोटा ठेवा. आणि रेल्वे नसलेला पण त्याच जातीचा एक मार्ग यादीत हवाच: कानाल दे कास्तीया. १७५३ ते १८४९ या काळात धान्य वाहणाऱ्या होड्यांसाठी खोदलेला २०७ किलोमीटरचा कालवा. खेचरं होडी ओढत ज्या काठाने चालत, त्याच काठाने आता सायकल जाते. चढ जवळजवळ नाहीच, फक्त जलद्वारांपाशी छोटा उतार. आलार देल रेयला रेल्वेने उतरा, पाण्याच्या प्रवाहाबरोबर फ्रोमिस्ताकडे जा, तिथली एकाखाली एक चार जलद्वारं बघा, मग पालेन्सिया किंवा वायादोलिद गाठा. दोन्हीकडे गाड्या आहेत. कालव्याची मेदिना दे रिओसेकोला जाणारी शाखा सुंदर आहे, पण त्या टोकाला रेल्वे नाही. पाऊस झाल्यावर मात्र दोन दिवस या काठांवर जाऊ नका. पठाराची चिकणमाती मडगार्ड आणि टायरच्या मधे भरते, चाक फिरायचं थांबतं, आणि सायकल उचलून न्यावी लागते.

कधी जायचं

दक्षिणेत मार्च ते मेचा मध्य आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ग्वादाल्किविरच्या खोऱ्यात पारा ४० च्या वर जाणं नेहमीचं, आणि ऑलिव्हच्या बागेत सावली म्हणावी अशी सावली नसते. उत्तरेत जून ते सप्टेंबर. पठारावर मे-जून आणि सप्टेंबर. उन्हाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर बास्क भाग किंवा कातालोनियाचे डोंगर निवडा, आणि तिथेही सकाळी सातला निघून दुपारी एकपर्यंत दिवस संपवा. ऑगस्टमध्ये गावागावांत जत्रा असतात. वातावरण छान, पण खोल्या महिनाभर आधीच भरतात. सेमाना सान्ताचंही, म्हणजे ईस्टरच्या आठवड्याचंही, तसंच.

तुटलेल्या जागा जोडणं

एका विआ वेर्देचं टोक दुसऱ्याला क्वचितच भिडतं. मधले वीस-तीस किलोमीटर शोधावे लागतात आणि खरं कौशल्य इथे लागतं.

स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे १:२५,००० आणि १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मोफत उतरवून घेता येतात. त्यात शेतरस्ते आणि गुरांच्या जुन्या वाटा दिसतात. कान्यादा, कोर्देल, वेरेदा अशी नावं दिसली की त्या मेंढपाळांच्या वाटा. त्यांना १९९५ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि सायकल नेता येते. मात्र नकाशावर रुंद दिसणारी कान्यादा प्रत्यक्षात नांगरून शेतात घेतलेली असू शकते. म्हणून प्रत्येक जोडणीसाठी उपग्रहचित्र बघा आणि पर्याय म्हणून एक डांबरी रस्ता आखून ठेवा.

डांबरी रस्ता निवडताना किलोमीटरच्या पाटीचा रंग उपयोगी पडतो. लाल म्हणजे राष्ट्रीय रस्ता, नारिंगी, हिरवा आणि पिवळा म्हणजे प्रांतिक रस्त्यांची उतरती पायरी. पिवळ्या पाटीचे रस्ते आठवड्याच्या मधल्या दिवसांत जवळजवळ रिकामे असतात. लाल पाटी टाळायची, पण एक मोठा अपवाद आहे. जिथे समांतर मोठा महामार्ग झाला, तिथे जुना राष्ट्रीय रस्ता ओस पडतो. तेरुएल आणि सागुन्तोच्या दरम्यान ए-२३ महामार्ग झाल्यावर जुन्या एन-२३४ चं तेच झालं. ओहोस नेग्रोसचा एखादा तुकडा दुरुस्तीसाठी बंद असेल तर हा रस्ता कामाला येतो.

फोनवरचं मार्गदर्शन आंधळेपणाने मानू नका. ॲपला खाजगी शेताचं फाटक, वाहून गेलेला ओढ्यावरचा पूल कळत नाही. मार्ग निघण्यापूर्वी फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण बोगदे आणि खोल खिंडीत नेटवर्क नसतं.

सायकलसह रेल्वे

इथे लोकांचे बेत सगळ्यात जास्त फसतात. उपनगरी सेर्कानियास गाड्यांत सायकल उघडी नेता येते, गर्दीच्या वेळी मर्यादा असतात. मध्यम पल्ल्याच्या प्रादेशिक गाड्यांत जागा मोजक्याच, कित्येकदा गाडीमागे तीन, म्हणून तिकीट काढतानाच सायकलची जागा घ्या. तीनपेक्षा जास्त जण असाल तर दोन गाड्यांत विभागा. हायस्पीड आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत किंवा खोक्यात भरावी लागते. रेन्फे या सरकारी रेल्वे कंपनीची मर्यादा १२० × ९० × ४० सेंटिमीटर, पेडल काढलेली, हँडल वळवलेलं. या मापात मोठ्या फ्रेमची सायकल बसवायला दोन्ही चाकं, मागचं कॅरिअर आणि बहुधा सीटपोस्टही काढावं लागतं. घरी एकदा सराव करा आणि घड्याळ लावा. अर्ध्या तासात जमलं तर स्टेशनवर पळापळ होत नाही. हलकी कापडी पिशवी निवडा, कारण ती पुढे चार दिवस सायकलवरच वाहायची आहे.

लाइनवर काम चालू असलं की गाडीऐवजी बस सोडतात आणि त्या बसमध्ये सायकल घेतीलच याची हमी नसते. तेरुएल-सागुन्तो लाइनवर मोठी कामं काढली जातात, तेव्हा तिकीट घेण्याआधी तेवढं तपासा. लांब पल्ल्याच्या बसमध्येही सायकलचं वेगळं तिकीट असतं आणि ती झाकलेली असावी लागते.

सायकल आणि सामान

३८ ते ५० मिलिमीटर रुंद टायर. ४२ मिमी टायर, मध्यम वजनाचा स्वार आणि १२ किलो सामान धरलं तर पुढे सुमारे २.३ बार, मागे २.८ बार हवा. जास्त भरली तर खडीवर हात बधिर होतात, कमी भरली तर तुटक्या डांबराच्या कडेला ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. सगळ्यात हलका गिअर निदान एकास एक हवा, म्हणजे पुढे ३२ दात असतील तर मागे ३२ किंवा जास्त.

पंक्चरचं मुख्य कारण काच नाही, सराटा. उन्हाळ्याच्या शेवटी वाटेच्या कडेला त्याची काटेरी फळं पसरतात आणि कशीही पडली तरी एक काटा वर राहतो. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक चाकात ६० ते ८० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, भरून निघा आणि काटा दिसला तरी उपटू नका, सीलंट आत काम करत असतो. संध्याकाळी मुक्कामी उपटा आणि चाक फिरवा. कोरड्या उष्णतेत सीलंट लवकर आटतो, म्हणून जुन्या भरण्यावर विसंबू नका. ट्यूब वापरत असाल तर दोन जादा ट्यूब, दहा पॅच, आणि कडा सोडून वाटेच्या मधून चालायची सवय. थांबताना सायकल गवतात आडवी टाकू नका, तिथेच काटे असतात.

सुटे भाग नेताना विचार असा करा: गावात काय मिळणार नाही? गाव हजार वस्तीचं असेल तर सायकलचं दुकान नाही, फार तर शेतीअवजारांचा वर्कशॉप. तिथे बोल्ट, तार, चिकटपट्टी, वेल्डिंग मिळेल. मिळणार नाही ते म्हणजे तुमच्या फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा), तुमच्या चेनचा जोड, तुमच्या डिस्कचे ब्रेक पॅड. हे तिन्ही बरोबर ठेवा. शिवाय चार एम-५ बोल्ट, कारण खडीच्या कंपनाने कॅरिअरचे बोल्ट सैल होतात. रोज सकाळी कॅरिअरचे सगळे बोल्ट हाताने आवळून बघा. चेनला कोरड्या हवामानाचं तेल किंवा मेण लावा. ओलं तेल पांढरी धूळ धरतं आणि दोन दिवसांत चेन सहाणेवर घासल्यासारखी झिजते.

दिवसाचं अंतर ५० ते ७० किलोमीटर धरा. थांबे सोडून सरासरी ताशी १३ ते १६ किलोमीटर पडते.

पाणी, जेवण, मुक्काम

वाट मोटारींपासून दूर म्हणजे दुकानांपासूनही दूर. उन्हाळ्यात तीन लिटर पाणी बरोबर हवं, एरवी दोन. गावच्या चौकात बहुधा कारंजं असतं. ‘पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर प्या, ‘नो पोताब्ले’ असेल तर भरू नका. ‘आग्वा नो त्रातादा’ म्हणजे प्रक्रिया न केलेलं पाणी. स्थानिक लोक पितात, तुम्ही गोळी टाकून किंवा गाळून घ्या. जुन्या स्टेशनांच्या आवारातले नळ थंडीत आणि दुष्काळात बंद असू शकतात, त्यांच्यावर दिवस आखू नका.

दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होऊन पाचनंतर उघडतात. रविवारी लहान गावात सगळं बंद, फार तर सकाळी बेकरी. म्हणून शनिवारी सकाळी दोन दिवसांचं सामान घ्या. पोटभर जेवण दुपारीच करा. मेनू देल दीआ, म्हणजे दिवसाचं ठरलेलं जेवण, साधारण दीड ते चार या वेळेत मिळतो, सूप किंवा भाजी, मुख्य पदार्थ, फळ किंवा गोड, पाव आणि पेय, बहुतेक ग्रामीण ठिकाणी १२ ते १६ युरोंत. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मिळत नाही आणि दमलेल्या माणसाला ते फार उशिराचं होतं. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ एवढंच पुरत नाही. हॅम आणि ट्यूना बऱ्याच ठिकाणी मांसात धरत नाहीत, त्यांची नावं घेऊन नको म्हणा: ‘सिन हामोन, सिन आतून’. तोर्तीया दे पातातास, म्हणजे बटाट्याचं जाड आम्लेट, अंडं चालत असेल तर जवळपास प्रत्येक बारमध्ये मिळतं.

काही जुनी स्टेशनं आता लॉज झाली आहेत, आणि मुक्काम तिथे मिळाला तर गावापर्यंतचा चढ वाचतो. पण आठवड्याच्या मधल्या दिवसांत ती बंद असतात, किंवा चावी गावातल्या कोणाकडे तरी असते. आधी फोन करा, पोचण्याची वेळ सांगा, सायकल आत ठेवता येईल का विचारा. नोंदणीला पासपोर्ट लागतो. तंबू उघड्यावर टाकण्याचे नियम प्रांताप्रांतात वेगळे आहेत आणि संरक्षित क्षेत्रात सहसा मनाईच असते. उन्हाळ्यात चूल किंवा स्टोव्ह रानात पेटवू नका. वणव्याचा धोका खरा आहे आणि दंड मोठा.

बोगदे

तोंडाशी पोचण्याआधी वेग कमी करा, काळा चष्मा काढा, पुढचा-मागचा दिवा लावा. भर उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांना काही सेकंद काहीच दिसत नाही आणि नेमकं तिथेच पावसाने आणलेली खडी साचलेली असते. आतले दिवे बटणाने किंवा हालचालीने लागतात आणि ठराविक वेळाने विझतात, किंवा सौरपॅनलचे असल्याने ढगाळ दिवशी लागतच नाहीत. म्हणून स्वतःचा किमान ३०० ल्युमेनचा दिवा हवा, फोनचा टॉर्च पुरत नाही. उजवीकडून चला, घंटी वाजवा, आत थांबून फोटो काढू नका. वटवाघळांच्या वसाहतीसाठी काही बोगदे बंद ठेवलेले असतात. तिथे वळसाच घ्यायचा, जाळी ओलांडायची नाही.

नियम, कुत्री, शिकार

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, १६ वर्षांखालच्यांना सगळीकडे. घंटी सक्तीची, अंधारात दिवे आणि चमकणारा कपडा सक्तीचा. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. रस्त्यावर मोटारीने सायकलला मागे टाकताना दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि ग्रामीण चालक ते बहुधा पाळतात. विआ वेर्देवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. वाट रस्ता ओलांडते तिथे लोखंडी खांब रोवलेले असतात. रुंद पिशव्या त्यात अडकतात, उतरून न्या. गुरांसाठी फाटक लावलेलं असेल तर उघडून पुन्हा तसंच लावा.

मेंढ्यांच्या कळपाबरोबर मास्तीन जातीची थोराड राखणदार कुत्री असतात. ती धावून आली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, कळपापासून लांबून हळू चालत जा. कळपाच्या हद्दीबाहेर गेलात की ती थांबतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी शनिवार-रविवारी रानडुकरांची शिकार चालते. ‘बातिदा’ किंवा ‘मोन्तेरिया’ अशी पाटी वाटेवर दिसली तर तेवढा तुकडा सोडून रस्त्याने जा. एरवीही त्या महिन्यांत भडक रंगाचं जाकीट घाला.

आणीबाणीचा क्रमांक ११२. या वाटांना रस्त्याचं नाव किंवा घरक्रमांक नसतो, म्हणून फोनवर तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: विआ वेर्देचं नाव, शेवटी दिसलेल्या किलोमीटरच्या खांबावरचा आकडा, आणि कोणत्या दोन गावांच्या मध्ये आहात ते. प्रत्येक खांब ओलांडताना आकडा वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. बोगद्यात पडलेल्या माणसासाठी मदत बोलवायची तर एकाने बाहेर नेटवर्क मिळेपर्यंत जावं आणि दुसऱ्याने आत दिवा चालू ठेवून येणाऱ्या सायकलींना थांबवावं.